स्लॅबभाऊ, यंदाचं बिल तुम्ही भरा

मु. पो. नागपूर, नवतपा चालू

रा. रा. स्लॅबभाऊ गच्चीवाले यांस, वरच्या मजल्यावरच्या रहिवाशाचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

साष्टांग हे नुसतं रिवाज म्हणून लिहिलेलं नाही. रात्री अकरापासून आमचं सगळं घर तुमच्या खाली आडवं पडलेलं असतं. डोळे टक्क उघडे, नजर तुमच्यावर. इतका वेळ आम्ही टेकडीच्या गणपतीपुढेही कधी बसलो नसू.

पत्र लिहिण्यास कारण की, विजेचं बिल आलं आहे. ते येताच घरात चौकशी समिती बसली. आईनं एसीला धरलं, मुलीनं भावाच्या कॉम्प्युटरला, मुलानं आजी दुपारभर लावून ठेवते त्या टीव्हीला. समोरच्या फ्लॅटमधले काका "मीटरच जोरात पळते बाप्पा तुमचं" असं त्यांचं ठरलेलं निदान करून, चहा पिऊन गेले. फ्रिज, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांची झडती झाली. गिझर तर होळीपासून बंद आहे, तरी त्याचंही नाव निघालं. तुमचं मात्र कुणाच्या ओठावर आलं नाही. मानलं तुम्हाला, भाऊ. वजन असावं तर असं.

आणि वजन खरंच आहे. आमच्या डोक्यावरचा तुमचा हिस्सा सहाशे चौरस फुटांचा, जाडी पाच इंच. घनमीटरला अडीच टन हा काँक्रीटचा हिशोब धरला तर तुम्ही सतरा टनांच्या घरात जाता. एवढ्या वजनदार इसमाकडे बोट दाखवायला छाती लागते. माझीही नव्हती, पण रात्री झोप नाही आणि हाताला दुसरं काम नाही.

तर तुमच्या कर्तबगारीची नोंद आधी करू. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, विजेच्या खांबाची सावली खांबाच्या पायातच दडते. शून्य सावलीचा हा दिवस आणि नवतपाचे नऊ कडक दिवस एकाच सुमाराला पडावेत, हा योग तुमच्या पत्रिकेत फारच उच्चीचा दिसतो. कारण सूर्य असा माथ्यावर असला की भर दुपारी भिंतींच्या वाट्याला फारसं ऊन येत नाही, सगळा प्रसाद तुम्हाला. लोक खिडक्यांना जाड पडदे लावतात, काचांना काळे कागद चिकटवतात. लावू नयेत असं नाही, पश्चिमेच्या खिडकीला संध्याकाळी त्यांचा चांगला उपयोग होतो. पण बारा वाजता चोर खिडकीतून येतच नसतो. तो छपरातून उतरतो, आणि आपण कडी खिडकीला घालतो.

त्या वेळी चौरस मीटरला जवळपास एक किलोवॅट ऊन पडत असतं. म्हणजे माझ्या एकट्याच्या घरावर पन्नास किलोवॅटच्या वर. तुमच्यासारखं राखाडी, मळकं काँक्रीट त्यातलं दोन तृतीयांश गिळतं आणि ढेकर देत नाही. गिळलेलं सगळंच खाली उतरत नाही, बरंचसं वारा आणि आकाश परत घेऊन जातात, पण उरतं तेवढंही आम्हाला पुरून उरतं. आता त्याच्यासमोर मी आखाड्यात उतरवलेला पहिलवान पाहा: दीड टनाचा एसी. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद, म्हणजे याची सव्वापाच. कुस्ती काय होणार ते खुर्चीत बसून बघावं, आणि शेवटी तिकिटाचे पैसे आपणच भरावेत.

पण तुमचा खरा गुण संयम. पत्र्यासारखे तुम्ही चटकन भडकत नाही आणि चटकन निवतही नाही. सतरा टन काँक्रीट एका अंशानं चढायला सुमारे चार युनिटांइतकी उष्णता लागते, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही दहा-बारा अंश सहज चढता. ही सगळी आमच्या नावावर केलेली मुदत ठेव. दुपारी ऊन सर्वांत कडक असतं तेव्हा खोलीत तुम्ही त्या मानानं सभ्यच वागता. ठेवीची मुदत भरते संध्याकाळी, ऊन उतरता उतरता, आणि मग पहाटेपर्यंत व्याजासकट परतफेड चालते. घ्यायची नाही म्हणायची सोय नाही.

परवा रात्री स्टुलावर चढून मी तुमच्या पोटाला तळहात लावला. बाहेर कडुनिंबाखाली बऱ्यापैकी वारा सुटलेला होता. इथं पंख्याच्या हुकाशेजारी हात ठेवला तर ऊब तळव्यातून मनगटापर्यंत चढत आली, आणि पीओपीच्या नक्षीवर मला माझ्या हाताचा ओला ठसा दिसला. मग खालच्या मजल्यावर गेलो, काकूंची परवानगी काढली आणि त्यांच्या छताला हात लावला. म्हणजे माझ्याच फरशीला, पण उलट्या बाजूनं. गार! काकू कूलरसमोर अंगावर चादर घेऊन मालिका बघत होत्या. "तुमच्याकडे फारच गरम होते का हो?" असं त्यांनी मनापासून विचारलं. त्यांच्या डोक्यावर ऊन पडत नाही, आमचा संसार पडतो. तो दिवसभर त्यांच्यावर सावली धरून उभा असतो, फुकटात.

एसी हवा गार करतो, तुम्हाला नाही, ही गोष्ट एसी विकणारा सांगत नाही. आपलं अंग फक्त हवेशी व्यवहार करत नसतं. डोक्यावर आठ फुटांवर तापलेलं छत असलं तर ते मधल्या गार हवेला न विचारता सरळ अंगावर उष्णता फेकत राहतं. म्हणून पडद्यावर २४ दिसतं आणि उशी ओली असते. मग मुलगा रिमोट उचलतो. २२, २०, १८. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०२० पासून नव्या एसीचं मूळ सेटिंग २४ वर ठेवायला लावलं आहे, आणि तापमान एक अंशानं वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते असंही ते सांगतात. बरोबरच सांगतात. पण रिमोट मुलाच्या हातात आहे आणि मुलगा तुमच्या.

एसी घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, "टॉप फ्लोअर आहे ना भाऊ? मग दोन टन घ्या." बघा, घरात तुमचं नाव कुणी घेत नाही, पण दुकानदार तुम्हाला चांगला ओळखून आहे. तुमच्या भरवशावर त्याचा अर्धा टन जास्तीचा खपतो.

मे २०२४ मध्ये नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं, आठवतं? देशभर बोंब झाली. मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. शहरानं सुटकेचा निःश्वास टाकला. वरच्या मजल्यांवरच्या आम्हा मंडळींना मात्र जरा वाईट वाटलं, कारण आमच्या बाजूनं बोलणारा तो एकच सेन्सर होता.

आता पैशांचं बोलू. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो: पहिली शंभर युनिटं, मग तीनशेपर्यंतची, मग पाचशेपर्यंतची, आणि त्यावरची. सर्वांत वरच्या टप्प्यातलं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटाच्या दुपटीहून महाग. स्वस्तातली युनिटं पंखे, दिवे, फ्रिज महिन्याच्या सुरुवातीलाच खाऊन बसतात. रात्रीचा एसी जी आठ-दहा युनिटं ओढतो ती सगळी महागड्या रांगेतली. ही तुमची मेहरबानी, की तुम्ही आमच्याकडून साधी वीज कधी खर्च करवत नाही, उंचीच खर्च करवता. अर्थात याचीच दुसरी बाजू अशी की तुमच्यापायी जाणारं एक युनिट वाचलं तर तेही उंचीच वाचतं. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं सोसायटीच्या सभेत. पण त्याकडे नंतर येतो.

वीज वाचवण्याची बाकीची पुण्यं आम्ही करून बसलो आहोत. ट्यूब काढून एलईडी लावल्या. पंच्याहत्तर वॅटचे जुने पंखे काढून तीस वॅटचे बीएलडीसी लावले, आणि ते चांगलेच आहेत, जिथं पंखा दिवसाचे पंधरा-सोळा तास फिरतो तिथं ते लावावेतच. पण पंखा काय करतो? तुमच्या पोटाला चिकटलेली गरम हवा खाली आमच्या तोंडावर ढकलतो. पूर्वी पंच्याहत्तर वॅटमध्ये ढकलायचा, आता तीस वॅटमध्ये ढकलतो.

तुमच्या आधीची पिढी अशी नव्हती, हे आईच्या तोंडून रोज ऐकतो. तिचं माहेर कवेलूंच्या छपराचं. दुपारी तिथंही तापायचं, पण कवेलूंच्या अंगात साठवायला जागाच नाही; दिवेलागणीनंतर तासाभरात घर निवलेलं. मराठवाड्याकडच्या धाब्याच्या घरांचं तंत्र नेमकं उलटं, वर फूटभर मातीचा थर, दिवसाचं ऊन खाली पोचायच्या आतच रात्र व्हायची. तुम्ही या दोघांच्या मधले. साठवण्याइतके जाड आणि अडवण्याला पातळ. एवढी नेमकी गैरसोयीची जाडी बांधकामात योगायोगानं साधत नाही, तिला स्वस्ताईची तपश्चर्या लागते.

आणि तुमच्यासारख्याच स्लॅबच्या घरात राहायला आल्यावरही आईच्या पिढीनं तुमची मस्ती उतरवण्याचा मार्ग काढला होताच. संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं आणि वरच अंथरुणं घालायची. हे वेडेपण नव्हतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जाते. शंभर लिटर पाणी खरोखर वाळलं तर एसीची रात्रभराची मेहनत झाली. पण आता मे महिन्यात टँकरचं पाणी गच्चीवर ओतायला कुणाचा जीव धजावेल? आणि वर झोपायचं तर गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी लग्नाला अमरावतीला.

इथं तुमच्या साथीदारांकडे वळावं लागतं. फ्लॅट घेताना आम्हाला सांगितलं होतं, "वरचा मजला, मोकळी हवा, गच्ची आपलीच समजा." समजलो. पावसाळ्यात तुम्ही गळलात तर दुरुस्ती सोसायटीची, हे उपविधींमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. गळतीनं खालच्या छताचा गिलावा पडला तर तोही सोसायटीनं करून द्यायचा. पण उन्हाळ्यात तुमच्यातून ऊन गळतं, त्याचा मी अर्ज केला तर सभेत आधी हशा पिकला. "तुमच्या घरी गरम होते तर आमचा काय संबंध?" दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. पाणी गळलं तर सगळ्यांचं, ऊन गळलं तर माझं! पाण्याचा डाग दिसतो, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकता येतो. उन्हाचा डाग फक्त वीजबिलावर पडतो, आणि बिल माझ्या नावावर येतं.

बरं, गळतीसाठी सोसायटीनं तुमच्यावर केलं काय? कोबा जुना झाला, तडे गेले, म्हणून तुमच्या अर्ध्या अंगावर डांबरी शीट अंथरली. काळीकुट्ट. थेंब आत येऊ नये म्हणून तुम्हाला असा पोशाख चढवला की उरलंसुरलं ऊनही बाहेर जाऊ नये. त्या शीटवर दुपारी एक वाजता चप्पल काढून उभं राहण्याची पैज आमच्या स्कीममधल्या पोरांनी लावली होती. कुणी जिंकलं नाही. कंत्राटदारानं वर पांढरा किंवा चंदेरी हात मारायचं सुचवलं होतं म्हणे, पण तो खर्च "अनावश्यक" म्हणून कापला गेला. पावसाच्या कामात उन्हाचा खर्च कोण मंजूर करणार.

तर भाऊ, आता बातमी सांगतो. मी तुम्हाला चुना लावणार आहे.

दचकू नका, खराच. कळीचा चुना भिजवून, विरवून, फडक्यानं गाळून, त्यात थोडं फेव्हिकॉल कालवायचं, म्हणजे पावडर होऊन हाताला लागत नाही. आधी तुमची धूळ, शेवाळ, कबुतरांची देणगी हे सगळं घासून धुवायचं. तडे असतील ते आधी भरायचे. चुन्यानं गळती थांबते असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. मग ऊन कललं की पहिला हात आडवा, दुसऱ्या दिवशी दुसरा उभा. भर उन्हात लावला तर चुना ब्रशखालीच वाळतो आणि पापुद्रे सुटतात. नवा पांढरा चुना उन्हाचा बराच मोठा भाग, दोन तृतीयांशाहून जास्त, आल्या पावली परत पाठवतो. आजवर तुम्ही जेवढं गिळत होता जवळपास तेवढं आता नाकाराल. सगळा खर्च माझ्या अंदाजानं उन्हाळ्यातल्या एका बिलाच्या आसपास जाईल. पावसात चुना धुपतो, धुळीनं मळतो, म्हणून दर वर्षी होळीनंतर पुन्हा लावायचा. ज्यांना दर वर्षीची कटकट नको ते ऊन परतवणारा रंग घेतात, चार-पाच वर्षं टिकतो, महाग पडतो. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं मोझॅक सर्वांत टिकाऊ, पण त्यासाठी पुन्हा सभा आली.

पांढरं केल्यानं उष्णता आत शिरायच्या आधीच बाहेर अडते, हा यातला सगळा मुद्दा. आमच्या शेजारच्या स्कीममधल्या एकानं आतून पीओपीचं फॉल्स सीलिंग करून, त्यात गुलाबी दिवे सोडून तुमच्या भाऊबंदाचं तोंड झाकलं. पोकळीनं थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण स्लॅब वर तापतोच आहे, आणि गुलाबी दिव्यांचं बिल वेगळं.

तुम्हाला वाटेल हा एका चक्रमाचा उद्योग आहे. तसं नाही. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि २०१७ पासून तिथं वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. अशा छपराखाली खोली दोनपासून पाच अंशांपर्यंत निवते असं सांगतात. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. आणि आपल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेनं छपरातून किती उष्णता पाझरू द्यावी याची मर्यादा आखली आहे. तुमच्यासारखा उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट पाझरतो. तुम्ही त्या आधी जन्मलात म्हणून सुटलात. त्यानंतर जन्मलेले किती तिचं पालन करतात ते विचारू नका, मलाच अवघडल्यासारखं होईल.

सोलरचाही विषय निघाला होता. २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला चारेक युनिटं देतं, आणि वर तुमच्या अंगावर सावली पडते ती फुकट. मला कल्पना फार आवडली. पण गच्ची कोणाची, पॅनल कोणाचं, सावली कोणाची, यावर सभा तहकूब झाली. चहा मात्र चांगला होता.

म्हणून चुन्यासाठी मी सभेची वाट बघणार नाही. खजिनदारांना विचारलं, "मी माझ्या खर्चानं गच्ची झाडून, धुऊन, पांढरी केली तर चालेल का?" ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ह्यात माझा काय फायदा आहे ते त्यांना कळेना, आणि त्यांचा तोटा काय तेही सापडेना, म्हणून हो म्हणाले. सेक्रेटरी शनिवारी अमरावतीहून परत येतात. किल्ली मिळाली की रविवारी पहाटे साडेपाचला मी, मुलगा, दोन झाडू आणि एक पोतं चुना असे वर येत आहोत. मुलगा यायला तयार नव्हता. त्याला रिमोट दाखवला आणि म्हटलं, नाहीतर हा माझ्याकडे राहील. तयार झाला.

कळावे, लोभ आता थोडा कमी असावा, ही विनंती.

आपला,
खालचा

ता. क. तुमच्या कोपऱ्यात बसलेल्या काळ्या पाण्याच्या टाकीला निरोप द्यावा. दुपारी दोन वाजता नळाखाली हात धुताना आईचा हात भाजला. टाकीला तिच्या झाकणासकट पांढरं करायला पुढच्या रविवारी येतो.